नुसतं धरायचं

“आण.”

डावा हात पुढे, तळवा वर, बोटं किंचित हललेली. तोंडावर मास्क आणि नजर पेशंटच्या पोटात. समोरच्या रेसिडेंटच्या हातात सुरी असो, चिमटा असो की सुई, त्याने नुकताच धीर करून पहिला टाका घालायला घेतलेला असो, सरांचा तळवा पुढे यायचाच. आवाज कधी चढायचा नाही. आई लहान मुलाच्या हातातून काचेचा पेला काढून घेते तसं ते अवजार काढून घेत, आणि पोरगं मुकाट्याने परत रिट्रॅक्टर धरायचं.

रिट्रॅक्टर म्हणजे वाकड्या टोकाची स्टीलची पट्टी. तिने जखमेची कड ओढून धरायची, म्हणजे ऑपरेशन करणाऱ्याला आतलं नीट दिसतं. धरणाऱ्याला मात्र बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर सर्जनचं कोपर असतं. आमच्या कॉलेजात सर्जरी शिकायला आलेली कितीतरी मुलं तीन वर्षं सरांचं कोपर शिकून बाहेर पडली.

मी भूल देणारी डॉक्टर. पेशंटच्या उशाशी माझं स्टूल, मध्ये हिरवा पडदा, पडद्यापलीकडे सर. पेशंटने झोपायचं आणि आम्ही जागं राहून बघत बसायचं, हाच आमचा धंदा. त्यामुळे या माणसाला त्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त मी पाहिलंय असं म्हटलं तरी चालेल. ते मला आवडत नसत. आता ते हयात नाहीत म्हणून त्यात बदल करायचं मला काही कारण दिसत नाही. शोकसभेत लोकांनी काय काय स्तुतिसुमनं उधळली ते मला नंतर कळलं. मी गेले नव्हते.

पण एक गोष्ट नाकारून चालणार नाही. त्यांच्या हाताला गुण होता. सोलापूर सोडून पुण्याला जाऊ शकणारे लोकही म्हणत, सरांनाच दाखवू. अक्कलकोटकडची म्हातारी आली की ते तिच्या खाटेवर बसून कानडीत विचारत, “ऊट आयता?” जेवलीस का एवढंच, पण म्हातारीला निम्मं बरं झाल्यासारखं वाटे. शहराच्या पूर्व भागातल्या विणकर बायकांशी तेलुगूत बोलत. त्यांनी घातलेला टाका उसवला, त्यांनी शिवलेलं पोट चिघळलं, असं मी क्वचितच पाहिलं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्यावर मनासारखं रागावताही येत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो.

आता गंमत ऐका. या माणसाच्या संशोधनाचा विषय काय होता? सर्जरीचं शिक्षण. शिकणाऱ्याच्या हातात सुरी कधी द्यावी, कशी द्यावी, देताना आपण कुठे उभं राहावं, यावर त्यांचे लेख छापून येत. तरुण डॉक्टर सर्जरी का निवडतात, मुली ती मध्येच का सोडतात, यावरही ते बोलत. गावोगावी व्याख्यानाला बोलावणी येत. त्यांच्या पहिल्या स्लाइडवर एक चित्र असे: मोठ्या हातातून लहान हातात जाणारी सुरी. “शिक्षकाचं खरं कौशल्य कशात? मागे सरकण्यात,” असं म्हणून ते व्यासपीठावर खरंच एक पाऊल मागे सरकत. टाळ्या पडत. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन थिएटरमध्ये तेच सर, तोच तळवा.

पहिली काही वर्षं मला याचं हसू यायचं. सिस्टर आणि मी पडद्याआडून एकमेकींना डोळ्यांनी खुणावत असू.

त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलांची एक ओळख पक्की होती. सर डावखुरे. मुलांनी करून काही शिकलेलं नाही, जे काही आलं ते बघून. मग काय, चांगली उजव्या हाताची पोरं टाक्याची गाठ डाव्या हाताने मारायला लागली. दुसऱ्या गावी परीक्षेला किंवा नोकरीला गेली की तिथले सर्जन बघत राहत आणि म्हणत, “सोलापूरचा का रे तू?” सरांना कुणी हे सांगितलं की ते खूश होत. “आपली शैली आहे ती,” म्हणत. शैली कसली डोंबलाची, आरशात बघून भांग पाडायला शिकावं तशातली गत होती ती.

अंजना आली तेव्हा मात्र माझं हसू आटलं.

ती माणदेशाकडची. घरी शेळ्या-मेंढ्या, वडील कळप घेऊन वर्षातले बरेच महिने बाहेर. दंड मजबूत, बोलणं खणखणीत. सर्जरीत मुली आधीच कमी, त्यात ही असं बोलायची की पहिल्याच आठवड्यात पोरांनी तिच्या ‘न्हाय’ आणि ‘व्हय’ची नक्कल सुरू केली. तिने जराही लक्ष दिलं नाही. एकदा फार लांबलेल्या केसनंतर तिचे हात सुजलेले पाहून मी विचारलं, दुखतात का गं? ती म्हणाली, “बकरं धरलं की पाय झाडतंय, मॅडम. हे पेशंट बरं, गप पडून ऱ्हातंय.”

तिला काय हवं होतं ते तिने मला चहा पिताना सांगितलं होतं, अगदी सरळ. त्यांच्या बाजूच्या सरकारी रुग्णालयात सर्जनची जागा कायम रिकामी. कुणी टिकत नाही. “आमच्याकडनं सोलापूरला येस्तवर अपेंडिक्स फुटतंय, मॅडम. माझ्या चुलत्याचं तसंच झालं. मला लई मोठं काय नको. अपेंडिक्स, हर्निया, पोट फुटल्यालं शिवणं, एवढं माझ्या हातानं नीट यायला पायजे. मग मी गावाकडंच ऱ्हाणार.” याच्यासाठी ती आली होती. मटणाच्या दुकानातून बोकडाचं आतडं आणून हॉस्टेलवर त्यावर टाके घालायची. वासाने शेजारच्या खोलीतल्या मुलींनी तक्रार केली, तेव्हा हिने गच्चीवर दुकान थाटलं. आतड्यावर तिची गाठ सुरेख बसे. डाव्या हाताने.

आणि थिएटरमध्ये ती धरायची.

तिच्या शेवटच्या वर्षी सोलापुरात सर्जनांची परिषद भरली. जेवण चांगलं असतं म्हणून मीही गेले होते. सरांचं व्याख्यान अर्थातच मुख्य. विषय, शिकणाऱ्यावर विश्वास कसा टाकावा. त्यात त्यांनी हर्नियाच्या ऑपरेशनची फिल्म दाखवली. पडद्यावर नुसते हात दिसत होते, हातमोजे घातलेले, न थांबता चालणारे, एक थेंब जास्त रक्त न सांडणारे. खाली लिहिलं होतं की ऑपरेशन रेसिडेंटने केलं आहे, आणि पुढे अंजनाचं नाव. लोक पुढे सरकून बघू लागले. मी मागच्या रांगेत बसून चडफडत होते. ते हात मी रोज बघत होते, मला ते झोपेतही ओळखता आले असते.

फिल्म संपल्यावर बाहेरगावच्या एका वयस्कर पाहुण्यांनी कौतुकाने विचारलं, “त्या डॉक्टर इथे आहेत का?” अंजना उठून उभी राहिली. पाहुणे म्हणाले, “सुंदर काम केलंत. तुम्ही डावखुऱ्या दिसता?”

“न्हाय सर. उजवीच.”

“मग फिल्ममध्ये तर सगळं डाव्या हाताने चाललंय.”

सभागृहात कुणीतरी खोकलं. अंजना एकदा सरांकडे बघून म्हणाली, “त्यात मी धरलंय, सर. कडंला पट्टी दिसतीया न्हाय का, ती मी धरल्याली.”

मला वाटलं, आता सापडला गडी. सरांनी शांतपणे माइक जवळ ओढला आणि हसून म्हणाले, “आमची मुलं फार नम्र आहेत. केलेलं कामही आपण केलं म्हणत नाहीत.” सभागृह खळखळून हसलं. टाळ्या वाजल्या. अंजना तशीच उभी होती. शेजारच्या मुलाने तिचा ॲप्रन ओढून तिला खाली बसवलं.

मला वाटलं, आता हिचं काही खरं नाही. पण सरांनी तिच्यावर राग धरला नाही. तिला टोचून बोलले नाहीत, परीक्षेत अडवलं नाही. उलट त्या दिवसापासून प्रत्येक मोठ्या केसला ते तिलाच घ्यायला लागले. बाकीची मुलं जळायची. आणि ती सरांसमोर उभी राहून, तास न् तास, धरायची.

शेवटी मीच बोलले. थिएटरशेजारच्या चहाच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. म्हटलं, “सर, पोरगी दोन महिन्यांनी जाणार. एक अपेंडिक्स तरी तिच्या हाताने होऊ द्या. तुम्ही समोर असालच की.”

“हात बसू दे आधी.”

“दिल्याशिवाय बसेल कसा?”

त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. “मॅडम, तुमच्या आईच्या पित्ताशयाच्या वेळी तुम्ही मला काय म्हणाला होतात?”

काय म्हणाले होते ते मला आठवत होतं. तुम्हीच करा, दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नका.

“प्रत्येक पेशंट कुणाची तरी आई असते,” ते म्हणाले. तेवढ्यात बिस्कीट मोडून कपात पडलं आणि ते चमच्याने त्याच्या मागे लागले.

या उत्तराने बरीच माणसं गार होत. मी झाले नाही. म्हटलं होतं मी, आणि उद्या वेळ आली तर परत म्हणेन. मुलीने ते म्हणायचंच असतं. पण प्राध्यापकाने ते ऐकून पेशंटच्या समोरच्या बाजूला उभं राहायचं असतं, अवजार शिकणाऱ्याच्या हातात ठेवायचं असतं, आणि चुकतंय असं दिसलं तर सावरायचं असतं. हे मी त्यांनाच शिकवायचं? हे तर त्यांच्याच लेखांत लिहिलेलं होतं. मी तसं बोलले. ते म्हणाले, “लेख वेगळा, पेशंट वेगळा.” आणि कप खाली ठेवून हात धुवायला गेले.

आणि तरी सांगते, माझी आई घरी जायला निघाली तेव्हा याच माणसाने तिला हाताला धरून रिक्षापर्यंत सोडलं होतं. रिक्षावाल्याला म्हणाले होते, “खड्डे चुकवून ने बाबा, नवीन शिवलंय.” आई शेवटपर्यंत त्यांच्या नावाने आशीर्वाद द्यायची. मी दात-ओठ खात ऐकायची.

अंजना पास झाली. परीक्षेत तोंड चालावं लागतं, आणि तिचं तोंड उत्तम चालायचं. म्हटल्याप्रमाणे गावाकडच्या रुग्णालयात रुजू झाली. वडिलांनी आम्हाला पेढे पाठवले. नंतर काही दिवस तिचा फोन नाही. मग एका दुपारी आला.

“मॅडम, अपेंडिक्सची केस आली हुती. पोरगा हुता तरणाताठा. भूल दिली, मी पोट उघडलं. पुढं काय करायचं ते सगळं ठावं हुतं. पुस्तकातलं पान डोळ्यांफुडं हुतं. पर हात हलंना.”

“घाबरलीस?”

“न्हाय वो. घाबरले असते तर बरं. मी वाट बघत हुते. कुणीतरी ‘आण’ म्हणंल म्हणून.”

तिने जखम नीट झाकली, पोराला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं आणि स्वतः शेजारी बसून सोलापूरला घेऊन आली. पोरगा वाचला. ऑपरेशन कुणी केलं ते सांगायला नकोच. नातेवाईक सरांच्या पाया पडले. अंजना भिंतीशी उभी होती.

त्यानंतर तिने दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा पेशंट पुढे पाठवला. गावात बोभाटा झाला की बाईला ऑपरेशन येत नाही. वर्ष संपायच्या आत तिने ती जागा सोडली. आता ती तालुक्याचं लसीकरण बघते. काम चोख करते, तिथले लोक तिला मानतात. रुग्णालयातली सर्जनची जागा पुन्हा रिकामी आहे.

पुढे सरांनी नवा अभ्यास हाती घेतला. मुली सर्जरी का सोडतात. सोडून गेलेल्या मुलींना फोन करून कारण विचारायचं आणि नोंदवायचं. दोन केसच्या मधल्या वेळात चहाच्या खोलीत हे काम चाले. सर फोन स्पीकरवर टाकत आणि एक रेसिडेंट लॅपटॉपवर टिपून घेई. मी कोपऱ्यात पोहे खात होते त्या दिवशी त्यांनी अंजनाला फोन लावला.

“काय गं, सर्जरी का सोडलीस?”

“खरं सांगू का, सर?”

“खरंच सांग. अभ्यास आहे हा.”

“तुमी कधी हातात दिलंच न्हाय की, सर. तीन वर्सं नुसतं धरलं. मग एकटीला उभं केल्यावर हात चालंना झाला.” आवाजात राग नव्हता. ती माहिती देत होती.

रेसिडेंटने मान खाली घातली. माझा चमचा हवेत राहिला.

“बरं, बरं,” सर म्हणाले. “घरी सगळे ठीक?”

“व्हय सर. आईचं गुडगं लई दुकत्यात तेवढं.”

“काळजी घे हं त्यांची.” त्यांनी फोन ठेवला. रेसिडेंट त्यांच्याकडे बघत होता. “काय टाकू, सर?”

“कौटुंबिक,” सर म्हणाले. “आईचं आजारपण.”

मी ताटली आपटली. “सर, ती काय म्हणाली ते ऐकलंत ना तुम्ही?”

“ऐकलं की. पण मॅडम, त्याला आपल्याकडे रकाना नाही.”

“‘इतर’ आहे ना!”

“‘इतर’ फार झाले की लेख परत येतो,” ते म्हणाले, अगदी समजावणीच्या सुरात. मग घड्याळ पाहून उठले. “चला, पुढच्याला भूल द्या.”

मी दिली. पेशंटचा काय दोष होता? पण त्या दिवशी पडद्याआडून मी त्यांना मनात जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो लेख छापून आला. त्यातल्या आलेखात ‘कौटुंबिक’चा खांब सगळ्यात उंच होता, आणि व्याख्यानात तो पडद्यावर आला की लोक हळहळत. समाजाची मानसिकता बदलायला हवी, असं कुणीतरी उठून म्हणे. सरही मान हलवत.

ते निवृत्त झाले. निरोप समारंभाला मी रजा टाकली होती. त्यानंतर एकदाच भेटले ते, नवी पेठेत, एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवर. सदरा अंगावर लोंबत होता, मान बारीक झाली होती. कुणाच्या तरी बारशाला द्यायला चादर घ्यायला आले होते आणि रंग ठरत नव्हता. मला बघून इतके खरे आनंदले की मला पुढे निघून जाता येईना. ही हिरवी की ही तांबडी, असं मलाच विचारलं. मी तांबडी म्हटलं. त्यांनी लगेच तीच बांधायला सांगितली.

मग म्हणाले, “ती माणदेशाकडची मुलगी काय करते हो? अंजना?”

“लसीकरण.”

“अरेरे.” हे मनापासून आलं होतं. मी ओळखते, मी वर्षानुवर्षं त्यांचा आवाज ऐकलाय. “हात फार चांगला होता हो तिचा. इतका चांगला हात माझ्याकडे दुसरा आला नाही.”

रस्त्यात रिक्षांचे हॉर्न चालले होते. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “तुम्हाला कसं कळलं? तिच्या हातात तर तुम्ही कधी काही दिलंच नाही.”

“धरण्यावरून कळतं ना, मॅडम. कुठे ताण द्यायचा, कुठे सैल सोडायचं, मला कधी सांगावं लागलं नाही. मी पुढे कुठे जाणार ते तिला माझ्याआधी कळायचं.” त्यांचा चेहरा उजळला होता. “असं आतून कळणारी माणसं फार थोडी. मोठी सर्जन झाली असती.”

“मग द्यायचं होतं ना तिच्या हातात!” मी ओरडलेच. दुकानातल्या दोन बायका वळून बघायला लागल्या. “का नाही दिलंत?”

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. इतकी साधी गोष्ट या बाईला कशी कळत नाही, असं.

“अहो, ती कापायला लागली असती, तर मला कुणी धरलं असतं?”

मी पायरी उतरून चालायला लागले. मागून “मॅडम, अहो मॅडम” अशा दोन हाका आल्या. मी वळून पाहिलं नाही.